ऑइल सीलची खातेनिहाय चौकशी

मुंबईत कुणाला 'आम्ही कांदिवलीला राहतो' असे सांगितले, की समोरचा माणूस आधी चेहऱ्यावर सहानुभूती आणतो आणि मग विचारतो, "ईस्ट की वेस्ट?" जणू रोग कळला, आता कुठल्या फुफ्फुसाला झालाय तेवढे सांगा! दादर-पार्ल्याच्या लोकांच्या लेखी कांदिवली म्हणजे विरार फास्ट जिच्याकडे ढुंकूनही बघत नाही अशी जागा.

पण हेच वाक्य माळशिरस तालुक्यात बोलून बघा. माझी सासुरवाडी तिकडची. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले, "जावईबापू, गाव कंचं म्हणायचं?" मी नेहमीच्या अपराधी सुरात म्हणालो, "कांदिवली." म्हातारा सरसावून बसला. "म्हंजे टॅक्टर हुत्यात ती कांदिवली?" आणि त्याने सरकून मला पारावर जागा दिली. बी.कॉम.च्या पदवीने आणि बँकेतल्या नोकरीने जे जमले नव्हते ते आकुर्ली रोडने करून दाखवले.

म्हाताऱ्याचे खरे होते. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया नावाची कंपनी १९६३ साली निघाली. त्यात महिंद्र होते, व्होल्टास होती आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर होती. कारखाना आमच्या कांदिवलीत. तिथे 'बी-२७५' नावाचा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याचे मूळ घराणे इंग्लंडातल्या डॉन्कास्टरचे, पण नांदायला आला तो थेट सोलापूर-साताऱ्यापर्यंत. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. ज्या उपनगरात आज कुंडीतली तुळस सोडली तर शेती म्हणून काही उरलेले नाही, त्याने अर्ध्या महाराष्ट्राची नांगरट केली, हा विनोद मी रचलेला नाही.

माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे, असाच एक जुना बी-२७५ आहे. वयाने माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला मनातल्या मनात अहो-जाहो करतो. ट्रॅक्टर व्याकरणाने पुल्लिंगी असला तरी आबांच्या हिशेबी तो कांदिवलीची माहेरवाशीण आहे आणि मी माहेरचा माणूस. त्यामुळे त्याची प्रत्येक तक्रार माझ्या कानावर घातली जाते. क्लच जड झाला, आबांचा फोन. सायलेन्सर फुटला, आबांचा फोन. चाळीस-पंचेचाळीस वर्षे संसार झालेल्या बाईच्या गुडघेदुखीबद्दल कोणी तिच्या माहेरच्यांना बोल लावत नाही, हे मी त्यांना नम्रपणे सांगून पाहिले. त्यावर ते एवढेच म्हणाले, "बोल कुठं लावतुय? सांगतुय फकस्त."

मागल्या खेपेची तक्रार होती ती मागच्या चाकाची. एक्सलमधून तेल गळत होते. चाकाच्या तबकडीवर तेलाचे काळे ओघळ, त्यावर शेतातली धूळ बसून तयार झालेला चिखल, आणि जिथे ट्रॅक्टर उभा राहील तिथे जमिनीवर एक डाग. आबांनी निदान करून ठेवले होते. ऑइल सील गेले.

हे ऑइल सील काय असते ते मला तोवर ठाऊक नव्हते. ते पाहिले आणि मला एकदम घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. बांगडीएवढी एक चकती. बाहेरून पत्र्याचे कडे, आत रबराचा ओठ, आणि ओठाच्या मागे बारीक तारेची गोल स्प्रिंग. मागच्या चाकाचा दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरतो आणि त्याच्याभोवतीचे लोखंडी घर स्थिर राहते. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या या दोघांमधल्या फटीत हे सील बसवलेले असते. त्याला कामे दोन. आतले तेल बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि बाहेरची धूळ आत येऊ द्यायची नाही.

म्हणजे हुबेहूब कॅशियर! आतला पैसा फुकट बाहेर जाऊ द्यायचा नाही, बाहेरची खोटी नोट आत घ्यायची नाही. दोघांचीही जागा ऐन फटीत. आणि दोघांचेही नाव गळल्याशिवाय कुणाच्या तोंडी येत नाही. वीस वर्षे सील गळले नाही म्हणून कुणी त्याला हार घातल्याचे ऐकिवात नाही.

या सीलची किंमत विचाराल, तर चौघांनी हॉटेलात मसाला डोसा खाल्ल्यावर जे बिल होते त्याहून कमी. पण ते बदलायचे म्हणजे चौघांचा दिवस जातो. पुढच्या चाकांना दगड लावायचे, मागून जॅक द्यायचा, खाली लाकडी ओंडके रचायचे. मागचे चाक आधीच पुरुषभर, त्यात वजनासाठी ट्यूबमध्ये पाणी भरलेले. ते दोघातिघांनी डुलवत बाहेर काढायचे. गिअर ऑइल घमेल्यात सोडायचे. मग एक्सलचे घर खोलायचे, शाफ्ट आणि बेअरिंग बाहेर ओढायचे, आणि तेव्हा कुठे ती चकती दृष्टीस पडते. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर माल पाच पैसे आणि हमाली रुपया.

आबांनी ही सगळी उस्तवार एका हंगामात दोनदा केली होती. पहिले सील बदलले, महिन्याभरात गळू लागले. आबांनी निकाल दिला, "डुप्लिकेट निघालं." दुसरे सील तालुक्याहून पावतीनिशी आणले. तेही गळले. आबांनी निकाल दिला, "हल्ली रबरच खोटं येतंय." तिसऱ्या खेपेला मी तिथे हजर होतो. आबा सीलच्या एकूण जातीवर बोलत होते, आणि अकलूजहून बोलावलेला मिस्त्री काही न बोलता ट्रॅक्टरभोवती फिरत होता. त्याने चाकाला हातही लावला नव्हता. त्याने वाकून दुसऱ्या बाजूचे चाक पाहिले. तिथेही ओल धरली होती. मग तो वर चढला, गिअरच्या पेटीवर बोटाने चाचपू लागला आणि म्हणाला, "आबा, टॅक्टरला रंग कधी दिला?"

"दसऱ्याआधी. धाकट्याच्या लग्नात वरातीला काढायचा हुता. का?"

"गळाय कवापासनं लागला?"

आबा जरा थांबले. "दसऱ्यानंतरच की."

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरने एका बोंडावरचा रंग खरवडला. त्याखाली रंग आणि माती मिळून झालेले घट्ट बूच होते. "ह्यो ब्रीदर. टॅक्टरचं नाक. रंगाऱ्यानं नाकच बुजवलंय. सील बिचारं काय करंल?"

गोष्ट साधी होती. ट्रॅक्टर दिवसभर राबतो तेव्हा पेटीतले तेल तापते, वरची हवा तापून फुगते. तिला बाहेर जायला एक बारीक वाट ठेवलेली असते, तोच हा ब्रीदर. ती वाट बुजली की हवा आत कोंडते, आणि कोंडलेली हवा तेलाला ढकलते. तेल मग सगळ्यांत मऊ जागा शोधते. सगळे लोखंडाचे, एकटा ओठ रबराचा. तेल बाहेर पडते ते तिथून.

मिस्त्रीने ब्रीदर डिझेलने धुतला, त्यातून फुंकर मारून पाहिली. मग चाक काढून जुने सील उपसले आणि शाफ्टवरून नख फिरवले. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे पोलादावर बारीक चर पडलेली असते. ती खोल असली तर नवे सीलही तिथे गळते. बेअरिंग सैल असेल आणि शाफ्ट डुलत असेल तरी गळते. पेटीत तेल जास्त भरले तरी गळते. म्हणजे एका सीलवर ठेवता येणाऱ्या आरोपाचे निदान चार खरे आरोपी निघू शकतात, आणि चौघेही आत बसलेले असतात. बाहेर दिसते ते सील. आबांनी या गुन्ह्यात दोन सीले बडतर्फ केली होती.

हे पाहत असताना मला आमची शाखा आठवत होती. शाखा कोणती, बँक कोणती, हे विचारू नका. मला अजून पंधराएक वर्षे नोकरी करायची आहे.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनरांची जी गर्दी होते ती पाहून पंढरीच्या वारीलाही शिस्त शिकावीशी वाटेल. कॅशची खिडक्या तीन, त्यांपैकी उघडी एक. दुसऱ्या खिडकीचा माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी माणूस आला नाही. तिसऱ्या खिडकीत डेंग्यूविषयी जनजागृतीचा फलक आहे. अशाच एका तारखेला, कॉम्प्युटर दोनदा झोपून उठल्यानंतर, आमच्या कॅशियरकडून शंभराच्या नोटांचे एक पाकीट जास्त गेले. दहा हजार रुपये. संध्याकाळी हिशेब जुळेना. त्याने रिवाजाप्रमाणे पैसे पदरचे भरले. तरीही मेमो आला, मग चार्जशीट आले आणि 'निष्काळजीपणा' हा शब्द आला. त्याच्या जागी दुसरा बसवला. तिसऱ्या महिन्यात त्याचीही कॅश कमी आली. वरून पत्र आले की, अलीकडे कर्मचाऱ्यांत कर्तव्याची जाणीव कमी झाली आहे. म्हणजे 'हल्ली रबरच खोटं येतंय!'

पहिल्या कॅशियरच्या चौकशीत युनियनने मला त्याचा बचाव करायला उभे केले. मी अधूनमधून विनोदी लिहितो, त्यामुळे मला बोलता येत असावे असा एक गैरसमज आहे. मी चौकशी अधिकाऱ्यांना विचारले, त्या दिवशी व्हाउचरे किती होती? खिडक्या मंजूर किती आणि चालू किती? आणि या माणसाने 'दुसरी खिडकी उघडा' असे लेखी दिले होते का? दिले होते. तीनदा. तिन्ही पत्रांवर 'आवक'चा गोल शिक्का होता आणि बाकी कागद कोरा होता. शाखेत कर्मचाऱ्यांसाठी एक सूचनापेटीही आहे. तिची किल्ली तीन मॅनेजरांपूर्वी बदली होऊन गेली. नाक बुजवण्यासाठी रंगच लागतो असे नाही.

हा विचार माझ्यासारख्या कारकुनाने केला असता तर 'युनियनची भाषा' म्हणून निकालात निघाला असता. पण तो एका मोठ्या माणसाने केलेला आहे, आणि त्याचा धागाही आमच्या कांदिवलीपर्यंत पोचतो. एडवर्ड्स डेमिंग नावाचे एक अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होते. १९५० साली त्यांनी जपानी कारखानदारांना दर्जाचे धडे दिले. जपानने १९५१ पासून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला ते २००३ साली मिळाले. जगात कुठल्या ट्रॅक्टरवाल्याला ते मिळाल्याची ती पहिलीच वेळ.

हे डेमिंग आपल्या व्याख्यानांत एक खेळ करीत. एका पेटीत चार हजार मणी. त्यांतले आठशे लाल, बाकी पांढरे. श्रोत्यांतून काही 'कामगार' बोलवायचे आणि प्रत्येकाला पन्नास खळग्यांची एक फळी द्यायची. ती पेटीत बुडवून फक्त पांढरे मणी काढा, लाल मणी म्हणजे खराब माल! आता पाचातला एक मणी लाल असताना पन्नासात सरासरी दहा लाल येणारच. कुणाला सात येतात, कुणाला तेरा. डेमिंग गंभीर चेहऱ्याने सातवाल्याला शाबासकी देत आणि तेरावाल्याला झापत. पुढच्या फेरीत शाबासकीवाल्याला चौदा येत. प्रेक्षक हसून हसून बेजार होत आणि हसता हसता त्यांना आपापले ऑफिस आठवे. डेमिंग यांचा अंदाज असा होता की, शंभरातल्या चौऱ्याण्णव अडचणी व्यवस्थेच्या असतात, ती व्यवस्था सुधारणे वरिष्ठांच्या हाती असते, आणि एखाद्या माणसाच्या किंवा प्रसंगाच्या माथी मारता येतील अशा असतात फक्त सहा. आपल्या चौकशा मात्र त्या सहांसाठीच भरतात.

आणि रबराची बाब म्हणाल, तर एका रबराची चौकशी साऱ्या जगाने पाहिली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळले आणि सातजण गेले. दोष निघाला तो रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्याचा. ते कडे म्हणजे आमच्या ऑइल सीलचे चुलत भावंड. रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने भर चौकशीत त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला की, थंडीत ते आपला लवचिकपणा गमावते. खटला तिथेच संपायचा. पण पुढे उघड झाले की, आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनियर हेच सांगत होते. इतक्या थंडीत उडवू नका म्हणत होते. त्यांच्या साहेबांनी आधी ऐकले आणि मग वरून दबाव आल्यावर ऐकलेले मागे घेतले. रबर थंडीने कडक झाले हे खरेच. पण त्याच्या आधी नाक बुजले होते.

इथपर्यंत आलो की माझी बायको मला थांबवते. "म्हणजे कुणाचा काही दोषच नाही म्हणा ना!" तिचे बरोबर आहे. आमच्या चिरंजीवांनी हे डेमिंग-पुराण ऐकले आणि सहामाहीला गणितात चौतीस मार्क आल्यावर मला सांगितले, "बाबा, चौऱ्याण्णव टक्के सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे." त्याच्या सिस्टीममध्ये मोबाइल किती तास येतो याची आम्ही स्वतंत्र चौकशी केली. प्रत्येक गळतीला ब्रीदर सापडतोच असे नाही. कधी कधी सील खरेच खराब असते, आणि कधी कधी कॅशियर खरेच पैसे खातो. मिस्त्रीनेही सारे ब्रीदरवर ढकलून नवे सील कसेतरी ठोकले नाही. त्याने ओठाला तेल लावले, कारण कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यांत जळतो. स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे ठेवली. वर लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी सारखे, हलके ठोके दिले. हे काम पुन्हा कुणी पाहणार नव्हते. ते चाकाआड कायमचे झाकले जाणार होते. स्वतःच्या वाट्याचे सहा टक्के असे चोख सांभाळणाऱ्यालाच उरलेल्या चौऱ्याण्णवांबद्दल बोलायचा अधिकार आहे असे मला वाटते.

माझा मुद्दा दोष नसण्याचा नाही, शोधाच्या क्रमाचा आहे. गळले की आपण खालून सुरुवात करतो आणि पहिला मऊ माणूस सापडला की थांबतो. मिस्त्री आधी वर चढला. फरक इतकाच. पण त्यासाठी लागणारा प्रामाणिकपणा महाग आहे. कारण वर चढले की ज्याने ट्रॅक्टर रंगवून घेतला त्याचे नाव निघते, आणि तो बहुधा मिस्त्रीला पैसे देणाराच असतो. आबांना मी यासाठी मानतो. ते घटकाभर गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हंजे मीच बुजवलं म्हना की." एवढे एक वाक्य वरच्या ऑफिसातून आले असते तर आमच्या शाखेची निम्मी चौकशी वाचली असती.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. ब्रीदर साफ झाला तरी जुने सील परत बसवता येत नाही. दाबाने त्याचा ओठ एकदा दुमडला की दुमडला. निर्दोष ठरूनही ते भंगारातच जाते. आमच्या कॅशियरला चौकशीतून ताकीद देऊन सोडले, वेतनवाढ रोखली नाही, दुसरी खिडकीही उघडली. युनियनने पेढे वाटले. पण पूर्वी पेन्शनर आजींना "काय आजी, आज नातवाला काय?" असे विचारणारा तो माणूस आता शंभराचे पाकीट चार वेळा मोजतो आणि मान वर करत नाही. त्याला निर्दोष ठरवायला आम्हाला सात महिने लागले. ब्रीदरवर फुंकर मारायला मिस्त्रीला एक मिनिट लागले होते. उशिरा मिळालेल्या न्यायाला ओठ शिवता येत नाही, आणि म्हणून मला वाटते, आधी वर बघणे ही हुशारीची नव्हे, नीतीची बाब आहे.

बाकी हे तत्त्वज्ञान कांदिवलीत पचायला वेळ लागेल. जुलै उजाडला की आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या छताला ओल येते, तिसरा मजला चौथ्याला चोर ठरवतो आणि सोसायटीची सभा बोलावली जाते. यंदाच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय आहे 'गळती' आणि दुसरा 'संबंधितांवर कारवाई'. मी सेक्रेटरींना गाठून आणखी एक विषय घालायला सांगितला : 'पाणी कुठून येते ते गच्चीवर जाऊन पाहणे.' सेक्रेटरी सज्जन आहेत. ते म्हणाले, "कारवाई झाल्यावर वेळ उरला, तर घेऊ."